तिसरा दाणा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. काम: हार्वेस्टरच्या तोंडाशी लागणारं मक्याचं हेड साफ करणे, चेनी ताणणे, ग्रीस. उद्या सकाळी नामदेवरावांच्या वावरात हंगामाची पहिली फेरी.

बाबाराव, तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. तेरवीला मी आले होते. जेवले, दोन पंगती वाढल्या, शेवटच्या बसनं नागपूरला परत गेले. रडले नाही, यात तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही.

आज शेडचं कुलूप काढलं आणि सवयीनं दारातून बाजूला झाले. साप आहे का बघायला आधी तुम्ही आत जायचात. मागे मधुकर उभा होता. आजवर ट्रॅक्टर चालवायचा, उद्यापासून तुमच्या जागी तोच हार्वेस्टरवर बसणार. त्याला म्हटलं, "जा आत."

"मी काहून?" तो म्हणाला. "मालकीण तुमी हा."

मग मीच गेले. साप नव्हता. मागच्या हंगामापासूनची धूळ होती आणि हेडच्या चोचींमध्ये कोळ्यांची जाळी. या लांब टोकदार चोची ओळींच्या मधून जमिनीलगत पुढे सरकतात आणि मक्याला आपापल्या ओळीत ढकलतात. माझ्या भावानं हौसेनं हे मशीन घेतलं आणि दोन वर्षांत पुण्याला निघून गेला. मशीन माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिल्या दिवशी विचारलं होतं की हा मगरीचा जबडा करतो काय. तुम्ही एक धांडा, मक्याचं अख्खं ताट, कणसासकट उपटून आणलात आणि दोन हातांची बोटं समोरासमोर धरलीत. खाली दोन रोलर धांड्याला जमिनीकडे खेचतात. वर दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्यात फट. धांडा फटीतून खाली जातो, कणीस अडकून तुटतं आणि वरच राहतं. ते चेन मागे नेते.

"कणसाले खाली जाऊ द्याचं नाही, धांड्याले वर राहू द्याचं नाही," तुम्ही म्हणालात. "बाकी सारा तामझाम हाये."

आधी बावीस वर्षं मी सीताबर्डीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. मशीन समजावून सांगणारे पुष्कळ पाहिले. बहुतेकांना आपल्याला किती कळतं ते सांगायचं असतं. तुम्ही दोन वाक्यांत आटोपलंत आणि चहा मागितलात. त्याच दिवशी ठरवलं, हा माणूस सोडायचा नाही.

आज तुमच्याच क्रमानं काम केलं. आधी रोलरांना गुंडाळलेली वाळकी पानं विळ्यानं कापून काढली. चेनी ताणल्या. ग्रीस जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारलं. मग मधुकरला हेड रिकामं चालवायला सांगितलं आणि लांब उभी राहून ऐकलं. पाच मिनिटांनी सगळं बंद करून प्रत्येक बेअरिंगवर तळहात ठेवला. दुसऱ्या ओळीचं बेअरिंग बाकीच्यांपेक्षा गरम लागलं. बदललं. ताप बघावा तसा तुम्ही हात ठेवायचात आणि म्हणायचात, "हे बिमार हाये." मी तुम्हाला तापमान मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. खोक्यातून बाहेर काढलंत का कधी? आज सापडलं. खोक्यावरचा चिकटपट्टीचा तुकडा तसाच आहे.

हाच तर आपला अकरा वर्षांचा वाद. मी मोजणारी, तुम्ही हात लावणारे. पट्ट्यांमधली फट तुम्ही अंगठ्यानं लावायचात. पुढच्या टोकाला अंगठा अडला पाहिजे, मागच्या टोकाला जरा ओढूनताणून गेला पाहिजे. चारही ओळींत तसंच. मी म्हणायची, बाबाराव, हे काय माप झालं? फटीत घालून बघायला लोखंडी पट्टीचं एक माप करून घेऊ. मला लावता येईल, मधुकरला लावता येईल. तुम्ही नसाल तेव्हा काय करायचं?

"मी नसन तवाचं तवा पाहू."

"तेव्हा अंगठा कुठून आणू?"

"घरी फोन करा. शकुंतला म्हणते, माह्याजवळ अंगठ्याशिवाय काईच नाही."

एकदा तुमच्या अंगणात हे चाललं होतं, तेव्हा शकुंतलाबाई, तुमची बायको, आतून म्हणाल्या होत्या, "तोंड हाये ना. थे बी ठेवून घ्या बाई."

तुमच्या काही सवयींवर मात्र मी कधी वाद घातला नाही. उदाहरणार्थ, चावी. हेडखाली हात घालायच्या आधी इंजिन बंद करायचं, चावी काढायची आणि जवळ जो उभा असेल त्याच्या मुठीत द्यायची. आपल्या खिशात नाही, दुसऱ्याच्या मुठीत. पहिल्यांदा माझ्या हातात दिलीत तेव्हा म्हणालात, "माहा जीव हाये तुमच्या मुठीत, बाई. शिंकू नका." रोलर थांबवायला विसरून त्यात अडकलेला धांडा ओढणारी माणसं तुम्ही पाहिली होती. त्यांच्याबद्दल कधी बोलला नाहीत. फक्त चावी द्यायचात.

आणि जूनमधली तुमची दोरी. पेरणीच्या आधी तुम्ही सायकलवर गावोगाव हिंडायचात, गाठी मारलेली सुती दोरी घेऊन. दोन गाठींमध्ये जेवढं अंतर, तेवढंच हेडच्या दोन ओळींमध्ये. ज्याला ऑक्टोबरात मशीन हवं, त्यानं या दोरीनं ओळी आखायच्या. लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, मशीन वावरात जूनमध्येच जाते, आपल्याले ऑक्टोबरात दिसते. दुरुस्तीवर एवढं शहाणं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. दुकानात असताना ऐकलं असतं तर लोकांना तेलाच्या बाटल्या विकण्याआधी धागा कुठला वापरता ते विचारलं असतं.

आणि चौकट. शाळेतल्या फुटक्या पाटीची लाकडी चौकट, सीटमागे खिळ्याला टांगलेली. पहिली फेरी थोडी पुढे गेली की मशीन थांबवायचं, दहा पावलं मागे घ्यायचं आणि हेडनं नुकत्याच खाल्लेल्या जागेत चौकट टाकायची. मशीनच्या मागे नाही, कारण तिथे दाणा हेडनं सांडला की शेपटीनं, ते कळत नाही. टाकणार वावराचा मालक, तोही डोळे मिटून. मग सगळ्यांनी उकिडवं बसून चौकटीतले दाणे मोजायचे.

"दोन माफ," तुम्ही म्हणायचात. "तिसरा माहा."

तिसरा दाणा निघाला की तो तुमचा दोष. वाऱ्याचा नाही, बियाण्याचा नाही, आडव्या पडलेल्या पिकाचा नाही. तो दाणा खिशात टाकून, चावी कुणाच्या तरी मुठीत देऊन तुम्ही हेडखाली शिरायचात. आपल्या चुकीचं माप असं परक्याच्या हातात देणारा कारागीर मला सीताबर्डीत भेटला नाही. मी स्वतःही तशी नव्हते.

आता मागच्या वर्षीचं. हे टाळत होते.

डोळे दाखवायला तुम्हाला मीच नागपूरला पाठवलं होतं. त्या दिवशी नामदेवरावांचं वावर होतं. तुम्ही उद्या कापू म्हणालात, मी आजच म्हणाले. लेथवाल्याकडून लोखंडी पट्टीचं माप मी आधीच करून घेतलं होतं, तुम्हाला न सांगता. आदल्या वावरात तुम्ही लावलेली फट मधोमध मोजून. तेच माप चारही ओळींत लावलं, पुढे तेवढंच, मागे तेवढंच. शिलाई मशीनमध्ये फट वाकडी असेल तर ते बिघडलेलं असतं. मला वाटलं, मी तुमचा वाकडेपणा सरळ केला. मशीनवर मीच बसले, आणि माप इतकं अचूक होतं की चौकट टाकायची गरजच वाटली नाही.

संध्याकाळी तुम्ही नागपूर-काटोल बसनं उतरून थेट वावरात आलात. डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं धड दिसत नव्हतं. कापलेल्या पट्ट्यात उकिडवे बसलात आणि मातीवरून तळहात फिरवलात. आंधळा माणूस अंथरूण चाचपतो तसा. मूठ भरून दाणे निघाले. नामदेवरावांची पेरणी उशिराची, कणसं बारीक. रुंद फटीतून कणसाचं बूड रोलरला लागत होतं आणि दाणे झडत होते. अर्धं वावर झालं होतं.

तेवढ्यात दिवसभर बाहेरगावी असलेले नामदेवराव आले. वाकून पाहिलं.

"हे काय करून ठेवलं गा, बाबाराव?"

मी चार हातांवर उभी होते. ती लोखंडी पट्टी माझ्या पर्समध्ये होती.

"माही चूक हाये, नामदेवराव," तुम्ही म्हणालात. "फट ढिली राहिली."

ते बरंच बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. नंतर मी विचारलं, असं का सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हेड माहं हाये." मग पुढे म्हणालात, "तुमाले एकदा नाव ठेवलं त लोक मशीन बोलावत नाहीत, बाई. बाईमाणसाचं मशीन म्हणतीन. मले शिव्या देऊन पुन्हा बोलावते थो."

मला ते व्यवहारी वाटलं. पटलं. आभार मानले नाहीत, माफी मागितली नाही आणि नामदेवरावांना खरं सांगितलं नाही. त्या हंगामाच्या शेवटी शेड आवरायलाही आले नाही. काम आहे म्हणून कळवलं. काम नव्हतं.

तेरवीला पानं उचलताना शकुंतलाबाईंना विचारलं, नामदेवराव दिसले नाहीत. त्या म्हणाल्या, "थे कायले येतीन? वर्ष झालं, बोलत नोहते दोघं. एका शाळेतले, एका पाटीवर लिहिलेले. मक्यावरून काई झालं म्हणे. मी विचारलं त हे म्हणे, येईन थो, जाईन कुठं."

ते आले नाहीत. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मधुकरला त्यांचा फोन आला. मधुकरनं निरोप जसाच्या तसा सांगितला, त्याला मागचं काही माहीत नव्हतं: "म्हणे, आता बाबाराव नाही, त मशीन येऊ द्या."

मी फोनवरच मधुकरला तारीख लिहून घ्यायला सांगितलं.

आज सगळी साफसफाई झाल्यावर फट लावायची राहिली. लोखंडी पट्टी मी फेकून दिली आहे. स्वतःचा अंगठा घालून पाहिला. माझा अंगठा तुमच्यापेक्षा बारीक. मधुकरचा घातला. त्याचा जाडा. "बाबारावचा मधातला होता," तो म्हणाला. तसं दोघंही हसलो आणि मग हसू लांबलं नाही.

टायरमधल्या हवेचा दाब बघायचं यंत्र शोधायला सीटखालचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात धांड्यांचे बोटभर तुकडे होते. प्रत्येकाला दोऱ्यानं एकेक कणसाचं वाळकं बूड बांधलेलं. सात जोड्या. हा कचरा मला माहीत होता. दर हंगामाच्या शेवटी मी तो फेकायची आणि तुम्हाला सुनवायची, उंदरांना आमंत्रण कशाला. तुम्ही म्हणायचात, "राहू द्या बाई, काई खात नाहीत थे." मी फेकायचीच. मागच्या वर्षी आले नाही, म्हणून राहिला.

एक जोडी फटीत धरून पाहिली. दुसरी पाहिली. दरेक वावराचा धांडा वेगळा, बूड वेगळं. एक जोडी बाकी सगळ्यांहून बारीक होती. ती कोणाच्या वावरातली, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. शिव्या खाऊन झाल्यावर, दिसत नसताना, तुम्ही तीही जोडी घेऊन आला होतात.

आणि तेव्हा तुमचा डावा हात आठवला, बाबाराव. अकरा वर्षं मी तुमच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. दर वावरात मशीन उतरवण्याआधी तुम्ही आत चार ओळी चालून यायचात. मला वाटायचं, लघवीला जातात. परत यायचात तेव्हा डाव्या हातात एक धांडा आणि एक कणीस असायचं. अंगठा फटीत घालताना डावा हात ते चाचपत असायचा. माप तिथे होतं. अंगठा नुसता निरोप्या. धांडा सुटसुटीत गेला पाहिजे, बूड अडलंच पाहिजे, आणि मागे किंचित सैल, म्हणजे कचरा पुढे चोंदत नाही. वावर बदललं की माप बदललं. म्हणून तुम्ही लोखंडाचं माप करू देत नव्हतात. तुमचं म्हणणं बरोबर होतं आणि मी तुम्हाला हट्टी म्हणत होते.

तरी एक भांडण माझं शिल्लक आहे. हे सांगता आलं असतं. एका वाक्यात आलं असतं, तुम्हाला तशी वाक्यं यायची. नाही सांगितलंत. कदाचित मी विचारेन याची वाट पाहिली असेल. मी विचारलं नाही, मी फेकत राहिले. हा दोष निम्मा निम्मा वाटून घेऊ. तुमच्या हिश्श्याचं मी नंतर भांडेन.

१५ ऑक्टोबर, बुधवार. दुपार.

सकाळी सातला मशीन नामदेवरावांच्या बांधाशी लावलं. ते बांधावर उभे होते, पांढरी टोपी, हातात काठी. रामराम झाला. मी आत चार ओळी चालून गेले. धांडा मोडला, कणीस सोललं, बूड पाहिलं. यंदा त्यांचा मका वेळेवर पेरलेला आहे, कणसं भरलेली. परत आले, मधुकरनं चावी काढून मुठीत धरली आणि मी चारही ओळींच्या फटी डाव्या हातातल्या धांड्यानं लावल्या. पुढे अडेल, मागे जाईल. तासभर गेला. नामदेवराव माझ्या डाव्या हाताकडे पाहत होते. ते त्यांना ओळखीचं होतं, एवढं मला कळलं.

मधुकरनं मशीन आत घातलं. थोडं पुढे जाऊन थांबवलं, दहा पावलं मागे घेतलं. मी खिळ्यावरची चौकट काढली आणि नामदेवरावांसमोर धरली. ते हात पुढे करेनात.

"टाका," मी म्हटलं. "पण आधी एक ऐका. मागच्या साली तुमचं वावर मी कापलं होतं. फट मी लावली होती. बाबाराव त्या दिवशी नागपूरला होते, डोळे दाखवायला. त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वावरात मशीन नुसतं धडधडत होतं. मधुकरनं ते बंद केलं.

"थो तिथं बसस्टँडवर चहा पाजाले बोलवे मले," ते म्हणाले. "रोज. मी तोंड फिरवून जात होतो."

मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"सांगाले वर्ष लागलं वं तुले, बाई?"

"हो," मी म्हटलं. "लागलं."

त्यांनी चौकट घेतली. उलटीपालटी करून पाहिली, लाकडावरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्यात शाळकरी हातानं चाकूनं कोरलेल्या दोन रेघा होत्या, त्यांवर अंगठा थांबला. मग डोळे मिटले आणि टाकली. डोळे उघडायला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. तोवर मी बसून मोजायला लागले होते. पानं बाजूला केली. एक. दोन. ढेकळाला टेकून तिसरा.

तेही काठी टेकत खाली बसले. "दोन माफ," ते मातीकडे बघत म्हणाले.

"तिसरा माझा," मी म्हटलं.

दाणा खिशात टाकला, पाना घेतला, मधुकरकडून चावी मागून नामदेवरावांच्या मुठीत दिली आणि हेडखाली शिरले.